सरळ रेघांचा नसूह

अलेप्पोत साबण हिवाळ्यातच होतो. कढईतला गरम साबण वरच्या मजल्यावर फरशीभर ओतायचा आणि थिजला की कापायचा. कापायला सुऱ्या लावलेली फळी असते. वजन पडावं म्हणून तिच्यावर एक जण उभा राहतो आणि दोराने तिघं ओढतात. फळीवर मी असायचो, दोराला सगळ्यांत पुढे नसूह. तो चालेल तशी रेघ पडायची. त्याची रेघ कधी वाकडी गेली नाही आणि त्याला त्याचा माज होता. असल्या कामाचा माज मला आवडतो.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्याच्या जांघेत गाठ आली. उभं राहिलं की अंड्याएवढी फुगायची, आडवं झालं की आत जायची. त्याच्या बायकोने, रबीहाने, पिच्छा पुरवला तेव्हा मी त्याला डॉक्टर वार्तानकडे नेलं. आर्मेनियन माणूस, तोंडाचा फटकळ.

"हर्निया आहे," डॉक्टर म्हणाले. "पोटाच्या भिंतीला भोक पडलंय आणि आतडं त्यातून बाहेर डोकावतंय. गोळीने बुजत नाही, पट्टा बांधूनही नाही. एक तर जांघेत चीर देऊन भोकावर जाळी शिवायची. नाहीतर तीन छोटी भोकं पाडून, दुर्बीण घालून आतून जाळी लावायची."

"एका भोकाने जीव खाल्लाय, तुम्ही आणखी तीन पाडणार?" नसूह म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत.

"दोन महिन्यांनी पुन्हा दोर ओढशील. पण नीट ऐक. गाठ कठीण झाली, आत जाईना, उलटी झाली, तर हातातलं टाकून ये. उशीर केलास तर आतडं सडेल."

"हंगाम संपू दे," नसूह बाहेर येऊन म्हणाला. "मुकादमाला कळलं तर मला म्हाताऱ्यांत वड्यांवर शिक्के मारायला बसवेल. त्या म्हाताऱ्यांच्या रांगेतून कोणी उठलंय कधी? आणि दुखणं हे असलं. सांगू काय लोकांना?" कोणाला सांगायचं नाही म्हणून त्याने मला पोराची, शुक्रीची, शपथ घातली.

एका सकाळी तो पांढराफटक होऊन आला. कोपऱ्यात उलटी झाली. "रात्रीचे किब्बे बाधले," त्याने बाकीच्यांना सांगितलं. मी त्याला साबणाच्या थप्प्यांमागे नेलं. गाठ दगडासारखी झाली होती, आडवं होऊनही हलेना.

"चल दवाखान्यात, अबू शुक्री," मी त्याला पोराच्या नावाने हाक मारत म्हणालो.

"साबण थिजलाय. आज कापला नाही तर तडकेल. तू ते गाठोडं आण."

आमच्याकडे काहीही दुखलं की कढईतला गरम साबण फडक्यात बांधून शेकतात. पाठ असो, दात असो, औषध तेच. मी संतापलो, पण आणून दिलं. तो पोटाशी धरून पडून राहिला. बऱ्याच वेळाने उठून बसला. चेहऱ्यावर हसू होतं.

"थांबलं बघ दुखायचं. उगाच घाबरवतो तुझा डॉक्टर."

गाठ तशीच होती, निळसर पडलेली. मी तेही बोललो. "जाईल ती हळूहळू," म्हणत त्याने दोर खांद्यावर घेतला. सगळी फरशी कापून झाली. रेघा सुतासारख्या सरळ होत्या. शेवटच्या भिंतीपाशी तो गुडघ्यांवर बसला, तो उठलाच नाही.

डॉक्टर वार्तान ऑपरेशन करून बाहेर आले. रबीहाने विचारलं, "जाळी लावली ना?"

"एवढ्या घाणीत जाळी लावत नाहीत, बाई. आतडं काळं पडून फुटलं होतं. तेवढं कापून काढलं, पण विष पोटभर पसरलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दुखणं थांबलं तेव्हा आतडं बरं झालं नव्हतं. ते मेलं होतं."

तीन दिवसांनी नसूह गेला.

दुखवट्याला मुकादम हाज सब्री येऊन बसले. तरुणपणी तेही दोरावर पुढे असत. कडू कॉफी त्यांनी संपवली. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "वेड्याने मला तरी सांगायचं. माझंही हेच झालं होतं. ऑपरेशन करून घेतलं, आणि त्यानंतर सात हिवाळे ओढला मी दोर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हाज, मग कधी बोलला का नाहीत?"

त्यांनी शेजारच्या पुरुषांकडे एकदा पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"असलं कोणी चारचौघांत बोलतं का?"