अपघाताविना दिवस

समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ एका कंपनीत जोखीम व्यवस्थापन बघतात. घरात तिघंच. दाराजवळ त्यांनी कंपनीतल्यासारखी पाटी लावली आहे, ‘अपघाताविना दिवस’. संध्याकाळी आल्यावर बूट काढायच्या आधी ते आकडा एकाने वाढवतात. लेकीला नुसतं खरचटलं तरी पाटी शून्यावर.

परवा लिफ्टमध्ये त्या आठ वर्षांच्या पोरीच्या मनगटावर मला भाजल्याचे फोड दिसले.

“काकू, बाबाले नका सांगू. पाटी शून्य झाली की ते जेवत नाही.”

संध्याकाळी गृहस्थ दारातच होते. “पाहा वहिनी, नव्वद झाले!”

मागे पोरगी उभी होती, भर मे महिन्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून.

“उन्हापासून जपाले हिले आता सांगावं नाही लागत,” ते कौतुकाने म्हणाले.

मी ‘छान’ म्हणाले आणि माझं दार लावून घेतलं.