वीतभर काठी

आमचे मिस्त्री कुठलीही कापलेली वस्तू हातात आली की आधी तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि म्हणायचे, "लागताय." म्हणजे कड खरखरीत आहे. मग ती टपरीवरच्या कपाची असो, नाहीतर माझ्या मुलीच्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या स्टीलच्या ताटाची. त्या ताटाला तर ते भर मांडवात "लागताय" म्हणून मोकळे झाले. देणारे शेजारीच उभे होते.

असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच. लांबून गंमत वाटते. भिंतीला भिंत लावून राहायला लागलं की समजतं. आम्ही परटवण्यात तसे राहायचो. ते आमच्याच खात्याच्या वर्कशॉपात मेकॅनिक आणि मी ऑफिसात आस्थापनेच्या टेबलावर, म्हणजे बदल्यांचे कागद माझ्या हातून जायचे. दिवसभर सरकारी जीपगाड्यांशी झटून घरी आले की मिस्त्री पडवीतल्या बाकड्याशी पुन्हा उभे. त्यांची बायको नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. सगळे तिला बाई म्हणत, मिस्त्रीसुद्धा.

ऐंशीनंतरची गोष्ट, साल आता नक्की आठवत नाही. बदल्यांच्या कच्च्या यादीत मिस्त्रींचं नाव मंडणगडला लागलं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या कडेला. बाईंची नोकरी नगरपालिकेची, ती काही मंडणगडला हलणार नव्हती. मूलबाळ नाही, दोघंच एकमेकांना. मिस्त्रींना साधा चहा करता यायचा नाही. बाई आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बघा हो भाऊसाहेब, काही होतंय का." त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आपण जरा मोठे झालो असंही वाटलं.

योग असा की आमच्या साहेबांना मासे गरवायचा नाद होता. त्यांचा मेहुणा बोटीवर. त्याने जपानहून गळाची काठी आणली. नुसती काठी, मूठ नाही, कड्या नाहीत, काळी कुळकुळीत आणि ग्रॅफाइटची. पेन्सिलीत असतं तेच हे, असं मला मिस्त्रींनी नंतर समजावलं, मला काही ते पटलं नाही. काठी साहेबांच्या जीपमध्ये मावेना, वीतभर जास्त. तिचं बारीक टोक उगाच लवलवतं, तेच उडवा, असं म्हणून साहेबांनी स्वतःच्या हाताने तिथे खडूची खूण केली. मी म्हटलं, साहेब, आमचे मिस्त्री हे काम करतील. डोक्यात मंडणगड होतंच.

मिस्त्रींनी चार दिवस ती काठी नुसती हलवून बघितली. मग म्हणाले, "ही मागून कापायची. जाड बाजूने."

मी म्हटलं, अहो, साहेबांनी खूण केलीय. तुमची बदली त्यांच्या हातात आहे. कापा की तिथेच, तुमचं काय जातं?

"टोकात तिचा जीव आहे, भाऊसाहेब. तिथे कापली तर कुत्री हाकायला चालेल."

आणि रविवारी सकाळी त्यांनी ती मागून कापली. मी तिथेच होतो, ज्याला आपण देखरेख म्हणतो ती करत. कापायच्या जागी त्यांनी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली, म्हणजे धागे उसवत नाहीत. ती काळी पूड कुसळासारखी टोचते म्हणून नाकातोंडावर ओला पंचा बांधला. करवतीला बारीक दात्यांचं नवं पातं लावलं. पातं दाबायचं नाही, काठी फिरवत राहायची, चहूबाजूंनी थोडं थोडं. पलीकडचं टोक बाईंनी धरलेलं.  मिस्त्री मान हलवायचे आणि बाई काठी तेवढीच फिरवायच्या. वीतभर तुकडा अलगद हातात आला. मग पाणी लावून पॉलिश पेपर, आणि शेवटी नख. या वेळी मिस्त्री काहीच बोलले नाहीत, म्हणजे काम झालं.

खडूची खूण टोकाला तशीच होती. पुसा, म्हटलं. तर म्हणे, साहेबांनी केलेली खूण मी कशाला पुसू? शेवटी बंगल्यावर जाताना वाटेत मीच रुमालाने पुसली.

साहेबांनी काठी हलवली. "बघा, टोक उडवल्यावर कशी ताठ झाली!" मी म्हटलं, हो साहेब. त्यांनी यादी मागवली आणि मिस्त्रींचं नाव पेन्सिलने खोडलं. इथेच थांबायला हवं होतं. पण साहेब मोठ्या मनाचे, शाबासकी द्यायला त्यांनी मिस्त्रींना केबिनमध्ये बोलावलं.

"टोक झकास कापलंत हो."

मी मिस्त्रींच्या मागे उभा राहून खोकलो. दोनदा खोकलो.

"टोक नाय कापलं साहेब," मिस्त्री म्हणाले. "मागून कापली. टोक कापलं असतं तर वाया गेली असती."

साहेब रागावले नाहीत. हसले, बसा म्हणाले, चहासुद्धा पाजला. चौथ्या दिवशी मंडणगडची ऑर्डर निघाली. ती मीच टाइप केली, तीन प्रतींत.

मिस्त्री निवृत्त होईपर्यंत मंडणगडलाच राहिले. शनिवारच्या एसटीने येत, रविवारी परत जात. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ते मंडणगडला गेल्यावर पाचसहा महिन्यांनी साहेब जयगडला दौऱ्यावर गेले, मूठ आणि कड्या बसवलेली काठी बरोबर घेऊनच. खाडीत त्यांच्या गळाला तांबोशी लागली, चांगली हातभर. दुसऱ्या दिवशी ऑफिसात काम बंद आणि वर्णन सुरू. "टोक असं वाकत होतं, असं वाकत होतं, दोरीला झटका म्हणून बसू दिला नाही. साधी काठी असती तर दोरी तुटलीच असती! जपानी माल, काय म्हणता?"

काठी कापून आणणारा मी, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. टोक का वाचलं ते तिथे मला आणि साहेबांनाच ठाऊक होतं, आणि साहेब ते विसरले होते. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब खुशीत होते, तेव्हा मिस्त्री परतही आले असते.

"हो साहेब," मी म्हटलं, "जपानी मालच वेगळा."

संध्याकाळी बाईंनी कुंपणाशी गाठलं. तांबोशीची बातमी शाळेपर्यंत पोचली होती. त्यांनी विचारलं, "साहेबांनी आमच्या ह्यांचं नाव काढलं का हो?"

"काढलं तर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शाळेला निघाल्या, तेव्हा त्यांच्या हातात मंडणगडच्या पत्त्याचं आंतरदेशीय पत्र होतं.