खोगीर उलटं करणारे काका

कुणाच्याही घरी गेले तरी काका लगेच खुर्चीवर बसत नसत. आधी खुर्ची उलटी करत, तळाला हात फिरवत, अंगठ्याने दाबून बघत आणि मगच टेकत. आमच्या घरी नवा सोफा आला तेव्हा आई कौतुकाने "बसा ना" म्हणाली, तर या गृहस्थांनी सोफाच आडवा केला. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "वरून सगळीच बघतात गो," काका शांतपणे म्हणाले. "खालून कोण बघतो?"

रोह्यात तुम्ही कधी रिक्षाने फिरला असाल, तर तुम्हीही काकांच्या कामावर बसलेले आहात. फक्त तुम्हाला माहीत नाही. रिक्षा, मिनीडोर, डोलवीला कंपनीत माणसं नेणाऱ्या बसेस, सगळ्यांच्या सीटा त्यांच्या दुकानात शिवून जात. ड्रायव्हरची पाठ बघून ते त्याची शिफ्ट सांगत. काका मूळचे खाडीकाठचे, मिठागरात वाढलेले. घोड्याशी त्यांचा संबंध वरातीपुरता, तोही लांबून.

मी निडीजवळ घोडेस्वारी शिकवते. तबेला पेणच्या एका मालकाचा. घोडे सहा, पण शेवंती नावाच्या तांबड्या घोडीवर माझा जीव. तिच्यासोबत मला ड्रेसाज करायचं होतं.

"म्हंजे काय गो?" काकांनी विचारलं होतं.

मी सांगितलं, आखलेल्या मैदानात घोड्याने स्वाराच्या नुसत्या बसण्यावरून ओळखून चालायचं, वळायचं, थांबायचं. ओरडा नाही, फटका नाही.

"म्हंजे लेझीम."

"लेझीमच. पण ढोल नाही."

"मंग ठीक हाय."

पण त्या वर्षी शेवंती बिघडली. खोगीर दिसलं की कान मागे, दात बाहेर. पुण्याच्या स्पर्धेला चार महिने उरले होते आणि मालकाने सांगून टाकलं, "स्पर्धेला उतरली तर ठेवतो. नायतर अलिबागला टांग्याला देतो." मालक वाईट नव्हता, पण बोलला की बोलला.

अशात खोगिराचा पट्टा उसवला, म्हणून मी ते काकांकडे नेलं. मोठ्या हौसेने घेतलेलं, जर्मनीहून आलेलं, खास ड्रेसाजचं खोगीर. मला तर जणू माप घेऊन शिवलेलं. काकांनी अर्थातच ते उलटं केलं.

"ह्याच्या खाली कोण असतं?"

"घोडी."

"तिला दाखव. बसणारा बोलतो गो. बसवून घेणारा बोलत नाय."

दुसऱ्या दिवशी पट्टा शिवलेलं खोगीर घेऊन काका स्कूटरवरून तबेल्यावर हजर. दाराशीच थबकले. "चावते काय?"

"हल्ली चावते."

"हल्ली म्हंजे? हे खोगीर आल्यापासून?"

मी खोगीर चढवायला घेतलं. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

त्यांनी मला अर्धा तास घोडी फिरवायला लावली आणि खोगीर काढायला सांगितलं. शेवंती घामाने निथळत होती. फक्त खांद्यामागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या जागा कोरड्या ठणठणीत. त्या जागा मी महिनाभर बघत होते आणि मनात खूश होते, की चला, इथे घासत नाही म्हणून घामही नाही!

"सगळी भिजली आणि एवढंच कोरडं?" काका लांबूनच म्हणाले. "एवढं दाबलंय की घामाला पण वाट नाय."

मग त्यांना खोगिराखालची जाड गोधडी दिसली. मऊ पडावं म्हणून मीच घातली होती, दुहेरी घडी करून. "तंग चपलेत जाड मोजा घातलास तर काय होतं गो?"

मी चिडले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हटलं, "काका, तुम्ही रिक्षाच्या सीटा शिवता. हे जर्मनीचं आहे!"

"असू दे. जर्मनीचा माणूस हिला बघून गेला काय?"

रात्री जेवण गेलं नाही. इतके दिवस ती मला सांगत होती आणि मी तिलाच नाठाळ म्हणत होते, याची फार लाज वाटली.

"भर घालून, काढून बघा ना," मी दुसऱ्या दिवशी विनवलं. काका नाही म्हणाले. खोगिराच्या आतला सांगाडाच शेवंतीला अरुंद होता. "गादी बदलता येते. हाड नाय बदलत."

मग त्यांनी जाडी वायर आणली. मी शेवंतीचं तोंड धरलं, आणि काकांनी हात लांब करून करून ती तिच्या पाठीवर तीन ठिकाणी वाकवली. ते आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापले. माझं माप वेगळंच घेतलं. भाताच्या तुसाच्या पोत्यावर मला बसवलं, उठवलं आणि पडलेला खळगा पट्टीने मोजला. "मांडी आखूड हाय तुझी. हाय ती हाय, लाजतेस कशाला?"

पुठ्ठे पिशवीत घालून मी दोन महिने वणवण केली. एक जुनं लष्करी खोगीर शेवंतीला छान बसलं, पण माझे पाय पुढे फेकले जायचे आणि मी आरामखुर्चीत बसल्यासारखी मागे पडायचे. दिवस संपत आले होते. म्हटलं, "घेऊया. मी सोसेन."

"नाय." काका एवढे ठाम कधी बोलले नव्हते. "तू अवघडलीस की तुझं वजन तिच्यावरच सांडणार. दोघींना बसलं पायजे."

शेवटी पुण्यात बंद होणाऱ्या एका घोडेस्वारीच्या शाळेत एक काळं खोगीर मिळालं. पुठ्ठा आत चपखल बसला. माझी बैठकही बरोबर. पण खालच्या गाद्या दगडासारख्या झालेल्या. काकांनी त्या उसवल्या. फोमला हात लावला नाही. "फोम एकदा दबला की दबला." मेंढीची लोकर धुतली, वाळवली आणि चार दिवस दुकानाच्या पायरीवर बसून बोटांनी पिंजली. रिक्षावाले खोळंबले, चिडवून गेले. खोगीरभरती म्हणजे निरुपयोगी भरणा असं आपण खुशाल म्हणतो. म्हणणाऱ्यांनी ते चार दिवस बघायला हवे होते.

शेवंतीच्या पाठीवर तांदळाचं पीठ भुरभुरवून ते खोगीर ठेवायचे, उचलायचे. पीठ गादीला कुठे जास्त लागलं, कुठे कमी, ते बघून लोकर काढायचे, घालायचे. तिचा डावा खांदा जरा भरलेला, म्हणून तिथे भर कमी. प्रत्येक वेळी मला नव्हे, तिला विचारायचे, "बोल गो बाय, बसलं काय?" आणि तिच्या कानांकडे बघत थांबायचे. सातव्या खेपेला कान पुढे आले. तिने मान वळवली आणि काकांच्या तळहातावरचं पीठ चाटलं. काका भीतीने पांढरे पडले होते, पण त्यांनी हात मागे घेतला नाही.

पुण्यात आमचा नंबर पाचवा आला. एका परीक्षकांनी खोगीर बघून विचारलं, कुणी बसवलं? मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या रोह्याच्या काकांनी. रिक्षाच्या सीटा शिवतात ते." आयुष्यात एवढी छाती फुगली नव्हती. आणि काका? ते प्लास्टिकची खुर्ची उलटी करून बघत होते. मी खोगीर काढल्यावर मात्र धावत आले आणि शेवंतीच्या पाठीवर हात फिरवला. "सगळीकडं सारखी भिजली!" पाचवा नंबर त्यांनी रोहाभर पहिल्यासारखा सांगितला. मालकाने अलिबागचं नाव पुन्हा काढलं नाही.

दर वर्षी लोकर दबते आणि पुन्हा भरावी लागते. गेल्या वर्षी काका गेले. यंदा मीच शिवण उसवली. लोकर पिंजली, भरली, शेवंतीला फिरवून आणलं. डाव्या खांद्यामागे रुपयाएवढी जागा कोरडी. पुन्हा उसवलं. पुन्हा कोरडी. तिसऱ्या दिवशी खोगीर काढलं, तर पाठ सगळीकडे सारखी भिजलेली.

"बोल गो बाय, बसलं काय?" मी विचारलं.

तिचे कान पुढे आले. पण मग ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिली, काका थबकायचे त्या जागेकडे. मी तांदळाचं पीठ तळहातावर घेतलं आणि तिच्यापुढे धरलं. बऱ्याच वेळाने तिने ते चाटलं.