एक जूनला जन्मलेली मुलगी

कागद तपासणीच्या टेबलाचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. स्पर्धा कुठलीही असो, मैदान आखायला चुना वेळेवर येत नाही, पण टेबल मात्र पहाटे सहाला मांडलेलं असतं. वर हिरवं कापड, शिक्के, पंचिंग मशीन, आणि मागे दोन-तीन माणसं, ज्यांनी आयुष्यात कधी धावून बस पकडली नसेल. मुलगी कुठल्या गटात खेळायची, हे ते ठरवतात.

मी साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका माध्यमिक शाळेत खेळाची शिक्षिका आहे. राहते धुळ्याला, रोज बसने जाते-येते. इतक्या वर्षांत सतराच्या आतल्या गटात दाढी करून आलेले खेळाडू मी पाहिलेत. एकाच्या गालावर वस्तऱ्याची ताजी जखम होती. साहेबांनी त्याला हळद लावायला सांगितलं आणि फॉर्मवर शिक्का मारला. कागद बरोबर होते ना, झालं तर मग. कागद पक्के असले की आजोबासुद्धा सतराच्या आत बसतात, आणि आमच्या पोरी कागदामुळे बाहेर बसतात, असं मी शिक्षकखोलीत नेहमी म्हणायचे. म्हणताना मला फार बरं वाटायचं.

आमच्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो. पोर घरी जन्मलं, आईला तारीख आठवत नाही, शाळेत घालताना वय सहा भरलं पाहिजे. मग गुरुजी एक जून लिहून मोकळे. काही गुरुजी एवढ्यावर थांबत नाहीत. पट कमी पडला की शाळेतला एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याची कुठेतरी लांब बदली होते. अशा वेळी चार वर्षांचं पोरही सहाचं होऊन रजिस्टरात बसतं. असल्या गुरुजींविषयी मी काय काय बोलत आले आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या वर्षी आमच्या खो-खोच्या संघात दहावीतली एक मुलगी होती. बारीक, काळी, बोलायला घुमी. पण खांबावरून झेप घेतली की समोरची धावणारी जागेवर संपलीच. पाय शेवटपर्यंत रेषेच्या आत आणि हात बरोबर पाठीवर. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, मी तर नाहीच. मी फक्त खांब रोवून दिले होते. तिचे आईवडील दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला जायचे आणि होळीच्या पुढेमागे परतायचे. तिला त्यांनी आजीजवळ ठेवलं होतं, पण दहावी झाल्यावर तेही संपणार होतं. राज्याच्या संघात नाव आलं तर मात्र मुलींच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळत होती. अकरावी-बारावी तिथे, जेवणखाण तिथे. मी तिच्या वडिलांना हे दोनदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "राज्यमा गई ते जाऊ दे. नही गई ते घर."

म्हणजे सौदा साफ होता. विभागीय सामने जळगावला, तिथून राज्याची निवड, तिथून वसतिगृह.

तालुका आम्ही जिंकला. जिल्हा धुळ्यात झाला, तोही जिंकला. तिथवर मुख्याध्यापकांच्या सहीची यादी चालते, जन्मतारखा कोणी मोजत बसत नाही. मीही मोजल्या नाहीत. दहावीतली मुलगी, सतराच्या आत असणारच. विभागाला मात्र प्रत्येकीचा पहिलीच्या प्रवेशाचा उतारा लागतो. तो जिथे पहिलीत नाव घातलं त्या प्राथमिक शाळेतून आणायचा. मी एका दुपारी तिच्या पाड्यावरच्या शाळेत गेले. तिथे आता नवे गुरुजी आहेत. त्यांनी कपाट उघडलं, धूळ झटकली आणि दाखल-खारीज रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं.

तिचं नाव सापडलं. जन्मतारीख एक जून, ती तर असणारच. पण सालही दोनने मागे होतं. कागदावर ती सतरा पूर्ण होती. चार वर्षांची असताना तिला सहाची करून पहिलीत घातलं होतं. मग दोन वर्षं ती शाळेत आलीच नाही, खरी सहाची झाल्यावर आली आणि त्याच नोंदीवर पुन्हा पहिलीत बसली. मी मनातल्या मनात त्या गुरुजींना नेहमीच्या शिव्या द्यायला सुरुवात केली, आणि मग अक्षराकडे लक्ष गेलं.

अक्षर माझं होतं.

आमचं लग्न झालं तेव्हा माझे यजमान त्याच पाड्यावर प्राथमिक शिक्षक होते, दोन शिक्षकांतले धाकटे. मुलगा वर्षाचा झाला होता, धुळ्यात घर नुकतं लागलं होतं. त्या वर्षी पट भरेना. बदली झाली असती तर घर मोडलं असतं, आणि बदली नको म्हणून सगळ्यात जास्त रडले होते मी. त्यांचं अक्षर कोंबडीच्या पायाचं. म्हणून एका रविवारी दुपारी ते रजिस्टर घरी घेऊन आले. ते नावं सांगत होते, मी टाकाने लिहीत होते. मधे चहा झाला. सात-आठ नावं होती. प्रत्येकापुढे मी एक जून लिहिलं, अंकी आणि अक्षरी. ही पोरं कोण, केवढी, हे मी विचारलं नाही. त्यातलं एक पोर दहा-अकरा वर्षांनी माझ्या मैदानावर येऊन झेपा घेईल, हे कुणाला ठाऊक होतं? पण ठाऊक असतं तरी मी लिहिलं असतं, असं मला आज वाटतं.

नव्या गुरुजींनी उताऱ्यावर सही केली. म्हणाले, "मॅडम, जुनी माणसं काय सुंदर लिहायची नाही?"

घरी आल्यावर मी यजमानांना उतारा दाखवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, परत दिला. ते आता मुख्याध्यापक आहेत आणि केंद्रप्रमुखाच्या यादीत त्यांचं नाव वर आहे.

"मग?" ते म्हणाले.

"अंगणवाडीत तिचं वजनाचं कार्ड आहे. त्यावर खरी तारीख आहे. तुम्ही लिहून दिलंत की नोंद अंदाजाने केली होती, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडून दुरुस्ती होते. बोर्डाचा फॉर्म पक्का व्हायच्या आत."

"अंदाजाने?" ते हसले. "एकीचा अंदाज चुकला तर चुकला. पण मग बाकीच्या सात पोरांचंही काढतील. अगं, चौकशी लागेल. आणि अक्षर कोणाचं विचारलं तर काय सांगू?"

ते पुढे म्हणाले, "त्या पटामुळे ती शाळा टिकली. शाळा टिकली म्हणून ती पोर शिकली. नाहीतर उसातच असती."

यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. त्या दिवशी मी त्यांच्याशी जेवताना बोलले नाही. यापलीकडे मी काही केलं नाही.

संघ जळगावला गेला. आमची सोय मेहरूणला एका शाळेत होती. पोरी सकाळी तलावाच्या कडेने पळून आल्या, वरणबट्टी पाहून खूश झाल्या. तिला मी काही सांगितलं नव्हतं. उतारा पिशवीत होता. टेबलावरची माणसं आंधळीच असतात, एकदा तरी त्यांचा आंधळेपणा आपल्या कामी यावा, एवढीच माझी योजना होती.

टेबलामागे एक टक्कल पडलेले साहेब होते. समोर सत्काराचे तीन गुच्छ सुकत पडलेले. त्यांनी आमचे बारा उतारे एकेक करून उचलले आणि तिच्या उताऱ्यावर बोट ठेवलं.

"ही सतराच्या बाहेर आहे, मॅडम."

"चुकीची नोंद आहे. मुलगी पंधराची आहे, बघा ना तिच्याकडे."

"मी बघून वय ठरवत नाही. एकोणिसाखालच्या गटात खेळवा."

"आमची शाळा दहावीपर्यंतच आहे. तो संघ आणू कुठून?"

मी मग जे बोलायचं ते सगळं बोलले. शेजारच्या एका संघाच्या कर्णधार मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र अडकवलं तर शोभेल, ती तुम्हाला चालते, आणि ही चालत नाही? तुम्ही पोरी तपासता की कागद? माझा आवाज चढला होता. आजूबाजूचे शिक्षक मजा बघत होते. मला वाटलं साहेब आता उठून जातील. त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, मीही डोंगरातलाच आहे. माझीही तारीख एक जूनच आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "ज्या गुरुजींनी ही नोंद केली त्यांचं दोन ओळींचं पत्र आणा, नोंद अंदाजाने झाली म्हणून. मोबाइलवर फोटो आला तरी चालेल. अंगणवाडीचं कार्ड जोडा. सामना उद्या दहाला आहे. मी माझ्या जबाबदारीवर खेळवतो. गुरुजी सापडतील ना?"

इतक्या वर्षांत त्या टेबलामागे मला एक माणूस भेटला, आणि नेमका तेव्हा भेटला. मी म्हणाले, "बघते."

बाहेर लिंबाखाली उभी राहून मी यजमानांना फोन लावला. दोन ओळी, फोटो, उद्या दहाच्या आत, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू सांग. तू म्हणालीस तर लिहितो."

ते खरंच लिहिणार होते. इतकी वर्षं संसार केलाय, मला त्यांचा आवाज कळतो. एक हो म्हणायचं होतं. मैदानावर आमच्या पोरी सराव करत होत्या, ती खांबाजवळ उकिडवी बसून खो मिळायची वाट बघत होती. मी चौकशीचा विचार केला. केंद्रप्रमुखाच्या यादीचा केला. रजिस्टरातल्या त्या टाकाच्या अक्षराचा केला.

"राहू द्या," मी म्हणाले.

टेबलापाशी जाऊन मी साहेबांना सांगितलं, "गुरुजी वारले." त्यांनी मान हलवली, तिचं नाव यादीतून कापलं आणि मला म्हणाले, "वाईट झालं." टेबलामागच्या माणसाला मी आयुष्यभर तुच्छ लेखलं होतं. त्या दिवशी टेबलाच्या अलीकडे कोण उभं होतं ते त्याला कळलं असतं तर त्याने बाटली परत मागून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी ती गणवेश घालून रेषेबाहेर बसली. नियम असा आहे, असं मी तिला सांगितलं. तिने वाद घातला नाही, फक्त विचारलं, "मॅडम, मी मोठी कधी झाली?" आम्ही दोन गुणांनी हरलो. शेवटच्या पाळीत खांबाशी तीनदा गडी सुटला. तिन्ही वेळा ती बसल्या जागी पुढे झेपावली आणि पुन्हा मागे सरकली.

बोर्डाचा फॉर्म नंतर भरला गेला. दुरुस्तीची मुदत मला माहीत होती, ती मी जाऊ दिली. शिक्षकखोलीत मात्र मी कितीतरी दिवस बोलत होते. टेबलं, शिक्के, सडलेली व्यवस्था. सगळे माना डोलवायचे.

दहावी ती काठावर पास झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात वडिलांबरोबर शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. आमच्या शाळेत दाखले अजून हाताने लिहितात. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडेच असतं.

वडील टोपी हातात धरून उभे होते. म्हणाले, "मॅडम, पोर कागदवर अठरानी व्हयनी ना?"

मी वर पाहिलं.

"सोयरीक जमेल शे," ते म्हणाले. "दाखला दखाडना पडस."

होळीला तिला सोळा पूर्ण झाली होती. हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं. लग्न असं होत नाही, हा गुन्हा आहे, असं मी त्यांना सांगायला तोंड उघडलं. वडिलांनी शांतपणे दाखल्याच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कागद बरोबर होते.

मी पेन उघडलं. जन्मतारखेच्या रकान्यात आधी अंकी लिहिली, मग अक्षरी. एक जून. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमचं अक्षर किती चांगलं शे."

मी पुस्तकातून दाखला फाडून घेतला, शिक्का मारला आणि तिच्या हातात दिला.