भज्यांचा संशय

आजकाल पेपरात काय काय छापून येतं! माणूस जे खातो त्यानं पोटातले जंतू बदलतात, आणि त्या जंतूंचा पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरशी संबंध असू शकतो म्हणे. 'असू शकतो'! असलं वाचलं की मी पेपर बाजूला फेकते. नव्वद सालच्या आसपास आमच्या घरात जंतूंचा संशय कोणाले येणार? माझा सगळा संशय आमच्या ह्यांच्यावर.

उटनूरला होतो तोवर ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ताक. आदिलाबादच्या दफ्तरात बदली झाली आणि ताटात डालड्याच्या पुऱ्या आल्या, वर पांढराफेक भात. शर्टाची बटणं तुटायला लागली. नणंद म्हणायची, "वहिनी, दादाले चांगलं पोसलं तुमी!" मीही फुलून जायची, खोटं काऊन बोलू? मग डॉक्टरनं एकदा तेलकट बंद करायला सांगितलं. मी डालड्याचा डबा रिकामा करून त्यात भांडी घासायची राख भरली.

होळी झाली तसं ह्यांचं नवीनच सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी तासातासाला, "जरा जाऊन येतो." कुठं, ते विचारेपर्यंत चपला घालून बाहेर! कापसाच्या बाजाराच्या तोंडाशी मिरची भज्यांची गाडी उभी राहायची. म्हटलं, अस्सं! हे आले की मी ह्यांचे हात हुंगायची, रुमाल उलटासुलटा करायची. वास कधी आला नाही. म्हणजे हात धुऊन येतात, लबाड! दफ्तरातल्या शिपायाची बायको आमच्याच गल्लीत राहायची. तिनं सांगितलं, साहेब तिथंही सारखे उठून बाहेर जातात. मग तर मी मोजायलाच लागले; दफ्तरातल्या खेपा ती मोजून सांगायची.

शेजारीण म्हणाली, "साखरेचा आजार तर नाही ना? मोरीत मुंग्या लागतात का पाहा." आमच्याकडे साखरेची तपासणी हीच. आठ दिवस मी सकाळी ह्यांच्यामागून मोरीत जाऊन पाहिलं. एक मुंगी नाही. चला, रोगबिग काही नाही, नुसते जिभेचे चोचले!

दिवाळीच्या तोंडावर माझं डोकं फिरलं. डोक्यावर पदर घेऊन भर दुपारी ह्यांच्या मागं गेले. भज्यांची गाडी आली. ह्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीआड गेले. मी कोपऱ्यावर उभी. किती वेळ गेला! बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम आणि गालाला भिंतीचा चुना लागलेला.

"काय करून राह्यले इथं?" मी ओरडलेच.

"अवं, लघवी होत नाही," हे खाली पाहत म्हणाले. "थेंब थेंब. घरातली मोरी सैपाकघराला लागून. तुले सारं ऐकू जाते. लाज वाटते."

दिवाळी झाल्यावर नागपूर गाठलं. तपासण्या झाल्या. चार दिवसांनी डॉक्टरनं कागद वाचून सांगितलं, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांपर्यंत पोचला आहे. मी लगेच विचारलं,

"पुऱ्यांनी झालं का हो? वजन वाढलं म्हणून?"

"चरबीचा, वजनाचा हात असेल असा संशय आहे बाई. पण खात्रीनं कोणी सांगू शकत नाही."

ह्यांनी आधी 'महिनाभर त्रास आहे' असं सांगितलं होतं. डॉक्टरला ते पटेना. त्यांनी पुन्हा विचारलं, दिवसातून किती वेळा जाता?

"चार-पाच वेळा," हे पुटपुटले.

"अकरा," मी म्हणाले. "दफ्तरात सहा, घरी पाच. एका खेपेला पाव तास तरी लागतो. होळीपासून."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "इतकं सगळं माहीत होतं, तर तेव्हाच का नाही आणलं?"

जे खरं होतं तेच सांगितलं.

"मला वाटलं, हे भजी खायला जातात."