बिसात्याचे गळ

कामरगावच्या बाजारात एक बिसाती बसायचा. सुया, दोरे, फण्या, आरसे, सुरमा, बोटभर अत्तराच्या बाटल्या, आणि एका कळकट पुठ्ठ्यावर टोचून ठेवलेले मासे धरायचे गळ, एवढा त्याचा पसारा. त्या माणसाशी मी एका हिवाळ्यात अशी भांडले की भाजी घेणाऱ्या बायका भाजी सोडून उभ्या राहिल्या. पुढे मी मास्तरीण झाले, जन्मभर पोरांवर ओरडले, त्याचं काही वाटत नाही. पण त्या भांडणाची लाज अजून जात नाही.

आमच्या बापाला आम्ही अरेतुरेच करायचो. आमच्याकडची रीत तशीच, म्हणून इथेही तसंच लिहिते. बाप शेतकरी माणूस, कापूस आणि तूर. दारू नाही, पत्ते नाहीत, एकच नाद, मासे धरायचा. शेतातून सवड झाली की काठी खांद्यावर टाकून नदीच्या डोहावर जाऊन बसायचा आणि दिवस मावळेपर्यंत हलायचा नाही. आईला मासा चालत नसे. म्हणून मासा आला की अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल पेटायची, भांडं वेगळं, रांधणारा तोच, खाणारे तो आणि मी. आई तेवढा वेळ घरात बसून मोठ्याने देवाचं नाव घ्यायची, म्हणजे आम्हाला ऐकू यावं म्हणून.

बाप बोलायला कंजूष होता. वस्तू घ्यायला गेला की विळा असो, दोर असो, उजव्या तळहातावर घ्यायचा, अंगठ्याने चाचपायचा. पसंत नसेल तर वाद नाही, घासाघीस नाही, हात उघडून ती खाली सोडून द्यायचा. दुकानदार काय ते समजायचे.

कार्तिकात त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. मी तेव्हा वीसेक वर्षांची, नवरा प्लेगात गेल्यावर माहेरी परतलेली. भाऊ नव्हता. म्हणजे शेत, बाजार आणि बाप, सगळं आई आणि मी. आईने दुसऱ्याच दिवशी निदान केलं की हा मुक्या जिवांचा तळतळाट. तिने त्याची दोरी, गळ, शिसं, दोरीला बांधायचं मोरपीस, सगळं एका फडक्यात गुंडाळून मला दिलं आणि डोहात टाकून ये म्हणाली. मी टाकून आले. त्यानंतर चारच दिवसांनी त्याच्या हातापायाला पारव्याचं रक्त चोळायचं ठरलं, तेव्हा मात्र तिची ना नव्हती. पारवा बहुतेक मुका जीव नसावा.

काठी तेवढी राहिली. काठीचा काय गुन्हा म्हणून आईने ती पडवीत आडवी टांगली आणि तिच्यावर लुगडी वाळत घालू लागली. बाप पडवीतल्या बाजेवर टेकून दिवसभर त्या काठीकडे बघायचा. भरवले तर दोन घास जेवायचा. लुगडं वाळून मी काढून घेतलं की त्याची नजर मोकळ्या झालेल्या काठीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायची. मला ते पाहवत नसे, कारण गाठोडं माझ्या हाताने बुडालं होतं.

वैद्य म्हणाला, शरीराला मी लेप देतो, पण माणसाने मनच सोडलं आहे. त्याच्या आवडीचं काही त्याच्या हातात देत जा. मन आलं तर हात येईल. आईकडे पाहिलं तर ती चुलीकडे पाहत होती. मी तेव्हाच ठरवलं की बापाला नवा गळ आणायचा, आणि संक्रांतीच्या आत त्याला डोहावर नेऊन बसवायचं.

आता गळ म्हणजे काय हे मला खाण्यापुरतं माहीत. पाण्यात कोणता जातो, केवढा असतो, काही ठाऊक नाही. बाजारात बिसात्यासमोर बसले आणि खरं सांगितलं, बापासाठी पाहिजे, मला कळत नाही. एवढं ऐकून तो सावरून बसला. त्याने एक लहान काळा गळ काढला, भोक नसलेला, नुसतं चपटं डोकं. याला लागलेली मरळ सुटत नाही म्हणाला, त्याच्या आजानेही हाच विकला होता.

घरी आले. बापाने माझ्याकडे पाहिलं, डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, उताणा केला. मी त्यावर गळ ठेवला. बोटं जराशी मिटली, पुन्हा उघडली, गळ खाली पडला. बापाने भिंतीकडे तोंड फिरवलं. नापसंत, मी समजले.

पुढच्या बाजारी बिसात्याला सांगितलं. तो जराही गोंधळला नाही. उलट मलाच विचारलं की तळ्यावर बसतात की नदीवर? नदीवर, म्हटलं. मग आधी सांगायचं नाही का, नदीला मोठा लागतो. मोठा नेला. तोही पडला. त्यापुढच्या बाजारी त्याला आठवलं की दोष गळाचा नाही, लोखंडाला वास येतो, जाणत्या माणसाला तो लगेच कळतो. गळ अत्तरात बुडवून ठेवावा. अत्तर त्याच्याकडे होतंच. तीन दिवस आमच्या पडवीला केवड्याचा वास येत होता आणि आई विचारत होती की घरात कोणाचं लग्न आहे. तोही गळ पडला. मग लाल दोरा. लाल दोऱ्याने मासा बिचकत नाही. मी लाल दोराही घेतला. आज कोणी मला असं सांगितलं तर मी त्याला बाकावर उभं करीन, पण ज्याला त्यातलं काही कळत नाही त्याला कोणाचं तरी ऐकावंच लागतं.

कारंज्याला सरकी आणायला गेले तेव्हा तिथल्या मोठ्या दुकानातही विचारलं. तिथे कंदील, छत्र्या, विलायती साबण मिळायचे. दुकानदाराने काचेच्या कपाटातून पिसं लावलेला गळ काढला. साहेब लोक हाच वापरतात म्हणाला, याला आमिषसुद्धा लावावं लागत नाही, मासा पीस पाहूनच येतो. मी तो रुमालात बांधून आणला. बाप त्या पिसांकडे बराच वेळ पाहत राहिला. मला आशा वाटली. मग बोटं उघडली आणि तोही खाली पडला. या वेळी बापाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, आपल्या पोरीला एवढीही अक्कल नाही म्हणून रडतो आहे.

त्याच्या पुढच्या बाजारी मी बिसात्यावर तुटून पडले. सगळे गळ त्याच्या सतरंजीवर फेकले. तोंडाला येईल ते बोलले, लबाड म्हटलं, लुळ्या माणसाच्या नावावर पोट भरतो म्हटलं. शेवटी विचारलं, "जन्मात एक तरी मासा धरला काय तुमी?"

"नाई बेटी," तो म्हणाला. "मले काट्याचं भेव वाटते. मी खातबी नाई."

"मंग सांगता कायले?"

"तू इचारतं म्हनून सांगतो. सुया इकतो तं मी का चोळ्या शिवून राह्यलो?"

लोक हसले. तो हसला नाही. त्याने सगळे गळ वेचून तंबाखूच्या एका रिकाम्या डबीत घातले, डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाला की नदीवरच्या ढिवराला दाखव, तो पाण्यातला माणूस आहे. त्याचा हा सल्ला खरा निघाला, पण मी तोही शिव्या देतच घेतला.

ढिवर म्हातारा होता. डोहाच्या काठी त्याचं झोपडं. बाप तिथे जाऊन बसायचा तेव्हा दोघे एक शब्द न बोलता दिवस काढायचे, असं त्यानेच मला सांगितलं. डबी त्याने दगडावर पालथी केली, बोटाने गळ इकडेतिकडे सारले आणि पहिलाच, तो लहान काळा, उचलला.

"हा तुह्या बापाचा," तो म्हणाला. "असाच होता."

मी म्हटलं, मग तो टाकून का देतो? म्हाताऱ्याने जाळं गुंडाळून ठेवलं आणि माझ्याबरोबर निघाला.

आमच्या अंगणात तो पडवीच्या पायरीशी बसला. बापाने त्याला पाहिलं आणि त्याच्या घशातून आवाज आला. मग नेहमीसारखा डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. ढिवराने त्यावर गळ ठेवला. आम्ही इतके दिवस बापाच्या तोंडाकडे पाहत होतो. ढिवर हाताकडे पाहत होता. गळ पडला.

"पोरी, टाकून नाई देऊन राह्यला तो," ढिवर म्हणाला. "त्याच्या हातून सुटून राह्यला."

त्याने गळ उचलला आणि बापाच्या डाव्या हातात दिला. आई दारातून म्हणाली, "डाव्या हातात?"

"जिता हात तोच हाये, वयनी."

बापाची डावी मूठ मिटली. घट्ट मिटली, आणि उघडली नाही.

थोर माणसाच्या डाव्या हातात काही देऊ नये, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं, ते अंगातच होतं. त्यालाही होतं. पोरीकडून काही घ्यायचं तर उजव्या हातात, म्हणून तो बिचारा मेलेला हात उचलून पुढे करत होता. आम्ही मानाने त्या मेलेल्या हातात वस्तू ठेवत होतो, आणि पडली की त्याची मर्जी नाही म्हणत होतो. गळाचं एक असो. मी त्याच्या हातात तंबाखूही दिली होती, पडली म्हणून त्याची तंबाखू सुटली असं समजून बंद केली. पाण्याचा गडू दिला होता, लवंडला, तहान नाही म्हटलं. दोन महिने त्याच्या घशाशी किती नाही आणि किती हो अडकून राहिले असतील, हे मनात आलं आणि मी आईला धरून रडले. आई आधीच रडत होती.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या घरात सण होता. आईने स्वतः काठीवरची लुगडी काढली. ढिवराने दोरी बांधून दिली. बाप बाजेवर बसून डाव्या हाताने काठी धरायचा आणि दोरी अंगणात फेकायचा. कोंबड्या आमिष समजून धावायच्या, आणि तो घशातल्या घशात हसायचा. जेवण वाढलं. तंबाखू सुरू झाली. डोहावर न्यायचं ठरलंच होतं, फक्त बैलगाडी तूर वाहण्यात गुंतली होती. शेवटची खेप झाली की नेऊ, असं मीच म्हणाले. चार पेंढ्या शेतात राहिल्या असत्या तर काय आभाळ कोसळलं असतं, हे तेव्हा कळलं नाही.

शेवटच्या खेपेच्या सकाळी मी बैल जुंपत होते आणि आईची हाक आली. दुसरा झटका होता. डावं अंगही गेलं. काठी अंगणात पडली होती आणि बापाचे नुसते डोळे हलत होते. वैद्य आला, नाडी पाहिली, आणि या वेळी कशाचाही लेप सांगितला नाही.

मीठमिरचीसाठी बाजाराला जावंच लागलं. बिसात्याला चुकवून जायचा विचार होता, पण पाय तिकडेच गेले. त्याचा पहिला गळ बरोबर होता, एवढं तरी त्याला सांगायला हवं होतं. मी सांगितलं. रागाच्या भरात बोलले, चाचा, मनावर घेऊ नका, असंही म्हटलं. गळ बरोबर आहे हे मी म्हटलंच होतं, असं तो म्हणाला, आणि बापाची तब्येत विचारली. मी म्हटलं, उजव्या हातात धरता येत नाही, डाव्याने धरतो. पुढचं माझ्याच्याने बोलवलं नाही.

त्याने मान हलवली. पुठ्ठ्यावरचे गळ एकेक वर करून पाहिले, अगदी विचारात पडल्यासारखा, आणि त्यातला एक काढला.

"मंग हा ने बेटी. डाव्या हातवाल्याले गळ येगळा लागते. याचं तोंड उलट्या अंगाले हाये. हप्त्याभरात मासा घरी नाई आला तं मले सांग."

तोंड बिंड काही उलट नव्हतं. तो पहिल्यासारखाच लहान काळा गळ होता, मला आता तेवढं कळत होतं. पण आई रडत होती, वैद्य उठून गेला होता, गावात जो तो हळू आवाजात बोलत होता, आणि साऱ्या मुलखात हा एकच माणूस होता ज्याच्या बोलण्यात माझा बाप या आठवड्यात मासा धरणार होता. मी विचारलं, दोरा कोणता लावू? तो म्हणाला, लाल. मी तोही घेतला.