वॉर्डातली शांतता

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. नागपूरहून लग्न होऊन भोपाळला आले, नवऱ्याला बरखेड्यात क्वार्टर मिळालं आणि मला जवळच्याच एका लहानशा सरकारी प्रसूतिगृहात सिस्टरची नोकरी. त्याचं नाव घेणार नाही. दोष इमारतीचा नव्हता, माझा होता. पुढे मी तिथली इन्चार्ज झाले, तेव्हा नव्या मुली माझ्या चपलांचा आवाज ऐकून सरळ उभ्या राहायच्या. मला त्याचा, काय सांगू, भारी अभिमान वाटायचा.

एका वर्षी तपासणी आली. तीन माणसं, हातात फायली. सालटी काढली हो आमची! प्रसूतीच्या टेबलाला गंज, नळापाशी साबण नाही, बाळांना ऊब देणारं मशीन बंद पडलेलं आणि त्यावर आम्ही चादरींच्या घड्या रचलेल्या. ओल्या कपड्यात गुंडाळलेलं एक बाळ त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी स्वतः उचललं. त्याचे पाय गार लागले तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली बघितलं. शेवटी लिहून गेले, की हा वॉर्ड आहे की बाजार? तीन महिन्यांत सुधारा, नाहीतर इथली बाळंतपणं बंद.

आम्ही कामाला लागलो, हे खरं. मशीन दुरुस्त झालं. कोरडे, ऊबदार कपडे आधीच तयार ठेवायला लागलो. बाळ रडलं नाही तर तोंडावर मास्क धरून, पिशवी दाबून श्वास कसा द्यायचा, हे डॉक्टरबाईंनी एका बाहुलीवर आमच्याकडून इतक्यांदा करून घेतलं की मनगटं दुखायची. उरला तो बाजार, म्हणजे गर्दी आणि गोंगाट. तो मी माझ्या अंगावर घेतला.

नातेवाइकांना बाहेर काढलं आणि मग बायकांच्या मागे लागले. कळा सुरू झालेली बाई ओरडणारच, हे मला, दोन लेकरांच्या आईला, कळत नव्हतं का? कळत होतं. पण मला वॉर्ड शांत हवा होता. "तमाशा मत करो," म्हणायचे. "दुनिया में पहली बार बच्चा हो रहा है क्या?" म्हणायचे. बायका गप्प व्हायच्या. मला वाटायचं, वा, जमलं!

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी सहा नंबरच्या खाटेवर एक मराठी पोरगी होती. वर्ध्याकडची, पहिलटकरीण, वीस-एकवीसची असेल. नवरा कारखान्यात टेक्निशियन, बिऱ्हाड आनंद नगरला. आई गावाहून निघाली होती, अजून पोचायची होती. पहाटेपासून कळा येत होत्या आणि ती माझा हात सोडत नव्हती. ताई, ताई करत होती. आठ वाजता डॉक्टरबाईंनी तपासलं आणि अजून पुष्कळ वेळ आहे म्हणून सांगितलं. त्या गेल्या आणि ही जोरात किंचाळली.

मी हात सोडवून घेतला. "अगं ए, आज मोठी माणसं यायची आहेत," म्हणाले. "आपण मराठी माणसं इथे शिस्तीची म्हणून ओळखली जातो. चार परक्या लोकांसमोर नाक कापू नकोस माझं. आवाज नको मला आज."

"नाही करणार, ताई," ती म्हणाली.

अकराला ते तिघे आले. मी साडीच्या निऱ्या नीट करून पुढे झाले, सगळं दाखवलं. वयस्कर बाई वॉर्डाच्या मधोमध थांबल्या. "इतना शांत वॉर्ड? कमाल है, सिस्टर!" मी अशी फुलले म्हणून सांगू! सहा नंबरवरून जाताना माझी नजर गेली होती. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती, डोक्यावरून पदर. झोपली असेल, म्हटलं. डोंबलाची झोप! कळांत कोणी झोपतं? वीस वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला हे कोणी सांगायला हवं होतं का? पण मी पुढे गेले. मशीन दाखवायचं राहिलं होतं ना.

मशीन चालू करून दाखवत होते, तेवढ्यात आयाबाई अनवाणी धावत आली. "सिस्टर, छह नंबर!"

बाळ खाटेवर पडलं होतं. निळं, गळ्याला नाळेचा वेढा, हालचाल नाही. पोरीच्या तोंडात पदर कोंबलेला होता आणि डोळे माझ्यावर. मी नाळ सोडवली, कापली, बाळ मशीनखाली नेलं. पुसलं, चोळलं, मास्क लावला, पिशवी दाबत राहिले. बाहुलीवर केलेलं सगळं हातांना आठवत होतं. मला मात्र फक्त रडू येत होतं. देवा, घे माझी नोकरी, म्हणत होते, पण हिचं पोर ठेव. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याचा एक पाय हलला आणि ते रडलं. मुलगी होती. जगली.

तिघेही दारातून बघत होते. त्यांनी माझी पाठ थोपटली. अहवालात दोन्ही लिहिलं, तत्परताही आणि शांतताही. मी सांगू शकले असते की ही शांतता कुठून आली. एरवी कोणाचं ऐकून न घेणारी मी, तेव्हा मात्र मूग गिळून बसले.

ते गेल्यावर बाळाला तिच्या छातीवर ठेवलं. पदर अजून तिच्या मुठीत होता, लाळेनं भिजलेला, दातांनी फाटलेला. तिनं लेकीकडे बघायच्या आधी दाराकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "गेले का ताई ते? मी आवाज नाही केला."

तिचे पाय धरायला हवे होते मी. पण वीस वर्षांची सवय जिभेला.

"शाबास," म्हणाले मी. आणि ती पोर हसली हो.